सहा वाजताची सावली

दुपारी चार वाजून सात मिनिटं. तिसरा थांबा, पाण्याच्या टाकीखाली. एक टेबल, दोन खुर्च्या, तीन पायांवर उभं केलेलं एक घड्याळ, आणि त्या घड्याळावर विश्वास ठेवणारे तुम्ही एकटे — असं लिहा. लिहा ना. तुम्ही नसाल लिहीत तर मी लिहिते, उभा जन्म तेच केलंय. आणि बसते मी, ही दुसरी खुर्ची रिकामीच आहे ना? उठा म्हणाल तर उठणार नाही, आधीच सांगून ठेवते — मला तुमच्याहून मोठ्या मोठ्या लोकांनी उठा म्हणून झालंय. पाणी? द्या की. भांडणाचं आणि पाण्याचं काही वैर नाही.

हे बघा भाऊ, तुमचं म्हणणं मी ऐकून घेतलं. चारला थांबा बंद. त्यानंतर जो धावत येईल त्याचा छातीवरचा नंबर काढून घ्यायचा, त्याच्या हातात एक केळं ठेवायचं, त्याला त्या पांढऱ्या गाडीत बसवायचं आणि घरी पाठवायचं. गाडीत तिघं बसलेत, त्यातला एक रडतोय. रडत नाही, घाम पुसतोय म्हणता? बरं, घाम. आणि आमच्या माणसाचा नंबर तुमच्या त्या दगडाखाली ठेवलेला, वाऱ्यानं उडू नये म्हणून. सगळं कसं नियमाप्रमाणे. माझं नियमाशी भांडणच नाही हो! मी नियमाच्या बाजूनं भांडतेय, आणि हेच तर आयुष्यभर कोणाच्या डोक्यात शिरलं नाही. नियम काय म्हणतो? त्या नंबराच्या मागेच छापलाय, उलटा करून बघा. 'तिसरा थांबा — सुटल्यापासून दहा तास.' दहा तास. 'चार वाजता' असं लिहिलंय कुठे? नाही ना? आता मला सांगा, शर्यत सुटली केव्हा?

सहाला. कोण म्हणतं? कागद म्हणतो. छान. तुम्ही होतात तिथे? नव्हतात. तुम्ही पहाटेपासून इथे साठाव्या किलोमीटरला पिंपं भरत होतात, तुमचा काही दोष नाही. मी होते. सहा वाजले तेव्हा निशाण होतं, माणसं होती, आणि निशाण हलवायचं ज्यांनी ते प्रमुख पाहुणे नव्हते. दोनशे माणसं अर्ध्या चड्डीत, जागच्या जागी उड्या मारतायत, दात वाजतायत, आणि मांडवात ती लाल गादीची खुर्ची रिकामी. ध्वनिक्षेपकावरचा तेवढा गरम होता — 'शिस्तीचा आणि वक्तशीरपणाचा आदर्श असलेले आपले प्रमुख पाहुणे काही क्षणांतच…' — क्षण! आमच्या घरी अशा क्षणांत भात शिजतो. मग गाडी आली, कोणी दार उघडलं, पाहुणे उतरले, सावकाश चष्मा पुसला, निशाण हलवलं, माणसं सुटली. आणि टेबलावरच्या माणसानं काय लिहिलं? सहा. का? कारण ह्या पाहुण्यांना उशीर होत नसतो. उशीर सूर्याला होईल, तुम्हाला-मला होईल, आमच्या माणसाला सात मिनिटं होईल. त्यांना नाही.

मघाशी तुम्ही मुख्य टेबलाला फोन केलात ना — मी कान देऊन नव्हते ऐकत, तुमचा फोनच खणखणीत बोलतो — ते काय म्हणाले? 'सहाच धरायचे, घड्याळाला हात लावायचा नाही.' बघा, आवाज कसा आला त्यांचा? खोटं बोलणाऱ्याचा नव्हता. कंटाळलेल्या माणसाचा होता. मोठी खोटी गोष्ट रागावून कोणी सांगत नाही भाऊ, कंटाळूनच सांगतात. 'सहाच धरायचे.' संपलं. पुढचा विषय.

माझा फोन? तो नका बघू. बघा, हसलात! दाखवते ना, त्यात काय लपवायचं — माझा फोन दहा मिनिटं पुढे असतो. पूर्वी हातावरचं घड्याळ पुढे असायचं, आता फोन. बातमी वेळेवर पोचावी म्हणून लावलेली खोड, ती आता सरणावरच जाईल. त्यामुळे माझ्या फोनची वेळ तुम्ही मानू नका, मीही मानत नाही. एकदा मानली होती, आणि भर सभागृहात तोंडावर पडले होते… ते जाऊ द्या. वेळ मानू नका, फोटो माना. हा घ्या, सकाळचा. शर्यत सुटली त्याच क्षणी मीच काढलेला. काय दिसतं? पाय. हो, नुसते पाय. कमरेच्या वर कोणी नाही. मला डोकी जमत नाहीत! नामांकित छायाचित्रकाराबरोबर निम्मं जग पालथं घातलं आणि मी काढलेल्या एकाही फोटोत माणसाला डोकं नाही. माझ्या बहिणीच्या लग्नात मी हौसेनं फोटो काढले, तर अल्बम बघून आमची आई म्हणाली, 'नवरा कोणता ते तरी सांग.' तर पाय बघा. आणि पायांना चिकटून काय आहे? सावल्या. ही निशाणाच्या काठीची — केवढी लांब, पार त्या दोरीपर्यंत गेलीय. धारदार आहे की नाही? आता आजचा पेपर बघा. पान सात, तळाचा कोपरा, कोणी वाचत नाही तो. मी वाचते. माझी पहिली नोकरी त्या कोपऱ्याची — सूर्योदय, सूर्यास्त, कमाल तापमान. पहिल्याच आठवड्यात मी उद्याचा सूर्य आज छापला, तर आमचे मुख्य उपसंपादक म्हणाले, 'बाई, सूर्य चुकला तर चालेल, पेपर चुकता कामा नये.' तेव्हापासून तो कोपरा मी डोळ्यांत तेल घालून वाचते. काय छापलंय? सूर्योदय, सहा वाजून अकरा मिनिटं.

कळलं? सहाला शर्यत सुटली, तर सहाला सावली आली कुठून?

बसा, बसा, श्वास घ्या. मलाही पहिल्यांदा असंच झालं होतं. ही युक्ती माझी नव्हे हो, ही त्याची — तो काय, तिकडे टाकीच्या खांबापाशी, एक पाय वर घेऊन उभा आहे तो. पेटका आलाय म्हणून नाही, तसाच उभा राहतो तो. म्हणून तर त्याला बगळा म्हणतात. मी ठेवलेलं नाव आहे. बाजारपेठ जळत असायची, आम्ही बाकीचे इकडून तिकडे कोंबड्यांसारखे, आणि हा एका कोपऱ्यात तासन्‌तास निश्चल, डोळा त्या भिंगाला — मासा येईपर्यंत हलणार नाही. आता कॉलेजातली मुलंसुद्धा बगळासर म्हणतात, तोंडावर. हा खूश. हो, शिकवतो आता. बंदुका आणि धूर संपला, किंवा संपला असं आम्हाला सांगण्यात आलं, तेव्हा सगळ्यांनी मिळून ह्याला छायाचित्रणाचा मास्तर केलं. आणि काय मास्तर! पहिला महिना वर्गात कॅमेरा आणायचा नाही. एक भिंत दिली — सायकली लावायच्या शेडची, अगदी भिकार भिंत — आणि म्हणाला, हिच्यावर दर तासाला त्या पत्र्याची सावली जिथे येईल तिथे खडूनं रेघ मारा. मुलं रेघा मारतायत, शिपाई रोज संध्याकाळी त्या पुसतोय, दुसऱ्या दिवशी पुन्हा. पालक प्राचार्यांकडे गेले, 'आम्ही फी कॅमेऱ्याची भरली, खडूची नाही.' प्राचार्यांनी ह्याला बोलावलं, ह्याच्या वतीनं बोलायला मी बरोबर, आणि विचारलं, हे काय चाललंय? हा म्हणतो, 'सर, ह्या मुलांना उद्या कोणीही सांगेल की अमुक गोष्ट अमुक वाजता घडली. त्यांना भिंतीला विचारता आलं पाहिजे.' प्राचार्य माझ्याकडे बघतात, मी छताकडे.

मग त्यातनंच ते संशोधन. फोटोतल्या सावलीवरून तो कोणत्या महिन्यात, किती वाजता काढला ते शोधायचं — असा विषय घेऊन हा पन्नाशी उलटल्यावर विद्यापीठात नाव घालून बसला. मार्गदर्शक ह्याच्याहून वयानं लहान, तो ह्याला 'सर' म्हणायचा, हा त्याला 'सर' म्हणायचा, दोघं दारात एकमेकांना 'आधी तुम्ही' करत उभे. घरात तर काही विचारू नका. गच्चीवर काठ्या रोवलेल्या. माझी बहीण दातांची डॉक्टर, दिवसभर लोकांच्या तोंडात बघून घरी येते, तर नवरा गच्चीवर पट्टी घेऊन जमीन मोजतोय. हो हो, माझ्या धाकट्या बहिणीचा नवरा तो! सांगितलं नाही का मी? मीच जमवलं. म्हटलं, हिला तोंड उघडून बसणारी माणसं रोज भेटतात, एक तोंड न उघडणारा मिळू दे.

धावणं? ते तर सगळ्यात मजेदार. तुम्हाला वाटेल तब्येतीसाठी. धाकटीलाही तेच वाटतं, तिला तेच वाटू द्या. खरं म्हणजे त्या धंद्यात एक नियम असतो — पळायचं नाही. कितीही काही होवो, पळायचं नाही. जो पळतो त्याच्यावर आधी बंदूक रोखली जाते. पळणारा म्हणजे काहीतरी केलेला. म्हणून हा माणूस ऐन तारुण्यात, चहूकडून नुसतं धाड-धाड होत असताना, देवळातनं — देवळातनं कसला, बँकेतनं पैसे काढून निघाल्यासारखा सावकाश चालत आला. दर वेळी. मी मागून ओरडतेय, 'अरे पाय उचल!' आणि हा आपला चालतोय. मग एके दिवशी, घरी, निवांत, रस्त्यावर कोणी नाही, दूधवाला सायकलवरून गेला, आणि हा त्याच्यामागे धावायला लागला. दूधवाला घाबरला! पुढच्या चौकापर्यंत दोघं. परत आला तो हसत, म्हणाला, 'ताई, कोणी काहीच बोललं नाही गं. नुसतं पळू दिलं.' तेव्हापासून सुटलाय. आधी दहा, मग बेचाळीस, आता हे ऐंशी. त्या सगळ्या वर्षांचं न पळालेलं पळणं आहे ते, साठलेलं. आता ह्या वयात पुरवून पुरवून खर्च करतोय.

गुडघा? गेलाय ना. डावा. धाकटीनं मला आज त्यासाठीच धाडलंय — 'ताई, तिसऱ्या थांब्यावर जा, त्याला गाडीत घाल आणि घरी घेऊन ये, तुझं तेवढं ऐकतो तो.' तिकडे गाडी उभी आहे माझी, मागच्या सीटवर त्याचे कोरडे कपडे, बर्फाची पिशवी, सगळं. आता तुम्हीच म्हणा, तुम्ही त्याला बाद केलंत म्हणजे माझं काम आयतंच झालं! मी तुमचे आभार मानून निघायला हवं होतं. निघालेही होते. पण तुम्ही ते 'सहाच' म्हणालात ना, आणि माझ्या डोक्यात असं सर्रकन काही तरी गेलं. माणूस थकून हरला तर हरू दे. खोट्या घड्याळानं हरता कामा नये. दुसऱ्यांदा तर नाहीच.

काय दुसऱ्यांदा? काही नाही. बोलण्याच्या ओघात.

नाही, रागावलेली नाहीये मी, माझा आवाजच असा आहे. ह्या आवाजावर आमचा संसार — संसार म्हणजे धंदा — चालला हो! ऐकायचंय? सांगते, गंमत आहे. त्या दिवसांत प्रत्येक गावाच्या तोंडाशी नाका. पोती रचलेली, आडवा बांबू, चार शिपाई, आत जायला बंदी. आता पत्रकार आत कसे जायचे? आमची एक रीत होती. मी पुढे व्हायची आणि भांडायला लागायची. कशावरूनही. माझ्या ओळखपत्रावरचा शिक्का पुसट का म्हणालात, बाईमाणसाशी असं बोलतात का, तुमचे वरिष्ठ कोण, त्यांचे वरिष्ठ कोण, तुम्हाला आई-बहीण आहे की नाही — सुरुवात हळू, मग चढत चढत जायचं. सगळे शिपाई माझ्याभोवती गोळा. त्यातला एक तरी सभ्य असतोच, तो मला खुर्ची देतो, पाणी देतो, हो, तुमच्यासारखाच. आणि माझा आवाज एकदा वरच्या पट्टीत गेला, की तीच खूण. बगळा मागच्या मागे, कोणाच्या नजरेला नजर न देता, सावकाश, बांबूखालून आत. कधी चुकलं नाही. अर्ध्या तासानं मी डोळे पुसत 'बरं, जाते मी परत' म्हणून मागे फिरायची, तोवर हा गावात पोचून फोटो काढत असायचा. आम्ही त्याबद्दल कधी बोललोसुद्धा नाही. मी बोलायचं, त्यानं चालायचं. आजसुद्धा मी बाजारात भाजीवाल्याशी जरा जोरात बोलले तर ह्याचे पाय आपोआप…

काय झालं? असे माझ्या खांद्यावरून काय बघताय?

अरे देवा.

नाही. नाही हो! शप्पथ घेऊन सांगते, आज तसं नव्हतं! मी आज खरंच भांडत होते! बगळ्या! ए बगळ्या! तो काय, पार त्या वळणावर पोचला, निळी टोपी. लंगडतोय पण काय जातोय बघा. अहो, गाढवपणा झाला. माझा आवाज चढला, त्याला वाटलं, खूण झाली. आणि नंबर इथेच, तुमच्या दगडाखाली. आता तुम्ही म्हणणार, बाई बोलण्यात गुंतवत होती आणि माणूस पळाला, ठरवून केलेली लबाडी. दिसायला तशीच दिसते. मी तुमच्या जागी असते तर मीही हेच म्हटलं असतं, आणि पहिल्या पानावर छापलं असतं.

थांबा, फोन खाली ठेवा. एक मिनिट. तुम्ही आत्ता फोन करून 'नंबर नसलेला माणूस निघालाय' म्हणालात की ते त्याला पुढच्या पुलावर अडवतील. आणि तो तिथे पोचलाच पाहिजे, शेवटच्या दोरीपाशी, आणि नंबरासकट, तुमच्या चिमट्याचं भोक पाडलेल्या नंबरासकट. नाहीतर पदक नाही. अहो पदक पितळेचं आहे मला माहीत आहे, घरी पितळ पुष्कळ आहे! पदकाचं कोणाला पडलंय? पदक गळ्यात कोण घालणार? बोला. प्रमुख पाहुणे. स्वतःच्या हातानं, प्रत्येकाच्या गळ्यात, पत्रिकेतच छापलंय. म्हणजे कसं, ह्यानं मान खाली वाकवायची, त्यांनी फीत घालायची, ह्यानं मान वर करायची. हातभर अंतर. मधे सचिव नाही, दार नाही, 'साहेब बैठकीत आहेत' नाही. त्या हातभर अंतरासाठी हा माणूस दोन वर्षं पहाटे उठून धावतोय.

हे मी बोलायला नको होतं. धाकटीलासुद्धा ठाऊक नाही. आता बोललेच आहे तर पुरं ऐका.

ते पाहुणे निवृत्त आहेत, आता दरवर्षी ह्या शर्यतीत पदकं वाटतात. तेव्हा ते चौकशी अधिकारी होते. एका गावात शाळेचे एक मास्तर मेले, त्याची चौकशी. अहवाल त्यांच्या सहीचा. त्यात लिहिलंय — गोळीबार सकाळी नऊला झाला, दोन्ही बाजूंनी, मास्तर मधे सापडले. शिपाई गावात शिरले ते दहाला, तेव्हा मास्तर मेलेलेच होते. झालं. कोणी मारलं नाही, मधे सापडले. आणि मी त्यांना त्या दिवशी दुपारी पाहिलंय! दुपारी! नाक्यावर आमची तीच रीत झाली, बगळा आत गेला. मग माझ्याशी भांडून दमलेल्या त्या शिपायांनीच मलाही जाऊ दिलं, 'जा बाई, पण गप्प बस.' शाळेच्या पटांगणात मास्तर हातपंपाशेजारी बसलेले, बाजूला दोन शिपाई उभे. आम्हाला बघून मास्तर काय म्हणाले माहीत आहे? 'पाणी घ्या. पंप जरा जड आहे, दोघं मिळून मारा.' पकडलेला माणूस, आणि पाहुणचार त्याचा! शिपायांनी आम्हाला लगेच हाकललं, पण बगळ्यानं तोवर एक फोटो काढला होता. एकच. मी पेपरात लिहिलं, मास्तर दुपारी जिवंत होते, शिपायांच्या ताब्यात होते. चौकशीत मला बोलावलं. साहेबांनी चष्मा पुसला, आणि विचारलं, 'बाई, आपलं घड्याळ पुढे असतं, असं आपलं कार्यालय सांगतं. खरं आहे?' म्हटलं, खरं आहे, दहा मिनिटं. सगळं सभागृह हसलं. 'मग वेळेबाबत आपली साक्ष कशी धरायची?' दहा मिनिटं पुढचं घड्याळ सकाळची दुपार करतं का हो? पण हसण्यापुढे तर्क टिकत नाही. फोटो दाखवला तर म्हणाले, फोटोत मास्तर बसलेले दिसतात. सकाळी नऊच्या आधी बसले असतील. आणि ते शिपाई कोणाचे ते चेहऱ्यावरून सांगता येत नाही. फोटोवर काही वेळ लिहिलेली नसते.

'फोटोवर वेळ लिहिलेली नसते.' ह्या एका वाक्यावर, भाऊ, हा माणूस विद्यापीठात गेला. त्या गच्चीवरच्या काठ्या, त्या खडूच्या रेघा, ते सगळं त्या एका वाक्यावर. कारण वेळ लिहिलेली असते. वाचता आली पाहिजे. आता त्यानं ती वाचलीय, प्रबंधात छापलीय, आणि साहेबांना भेट मागतोय तर साहेब परगावी. म्हणून तो फोटो आत्ता त्याच्या पाठीवरच्या पिशवीत आहे, प्लास्टिकच्या दोन पिशव्यांत, पाण्याच्या बाटलीमागे. मान वर करायची आणि तो समोर धरायचा. आणि शेवटच्या दोरीपाशी कोण उभं आहे? त्याचा अख्खा वर्ग, कॅमेरे घेऊन, परीक्षेचं काम म्हणून — 'शर्यतीचा शेवट, प्रत्येकी एक फोटो'. मुलांना काही सांगितलेलं नाही. मी म्हटलं, अरे, ते उत्तर देणार नाहीत. तर म्हणतो, 'उत्तर तू लिहीत बस, ताई. मला चेहरा हवा.'

तर करा फोन. खरंच करा, मी हात धरत नाही तुमचा. फक्त मुख्य टेबलाला हेही सांगा की सहाला सावली पडली होती, आणि त्याच हातानं, त्याच चष्म्याखालून — काय? गप्प बसू? बरं. बसले.

…

घड्याळ का बंद केलंत?

आणि त्या गाडीतल्यांना काय खुणावताय? ते उतरतायत की! तो रडणारा सगळ्यात आधी — हो, घामवाला, घामवाला. जा बाबा, जा, आधी केळं संपव!

आणि हे काय? चिमटा… कट्. ऐकलं हं मी. कट् वाजलं. किती गोड आवाज असतो हो ह्याचा! अहो पण नंबर घेऊन स्कूटरवर कुठे? थांबा ना, बोला तरी काही, द्यायला निघालात की अडवायला? मी आल्यापासून एक धड वाक्य बोलला नाहीत तुम्ही! बरं, नका बोलू, ती मान हलली तेवढी पुरे. वळणानंतर चढ आहे, तिथे सापडेल तो, निळी टोपी, डाव्या पायानं लंगडणारा. हाक मारू नका, हाकेनं तो थांबत नाही. शेजारनं सावकाश चालवा आणि नंबर पुढे धरा. आणि माझा निरोप सांगा, म्हणावं, ताईनं आज खूण केली नव्हती, गाढवा. जा. पिंपाकडे मी बघते, केळी मी वाटते, कोणी आलं तर भोकं मी पाडते. धाकटीचा फोन आला तर तिचं काय करायचं ते माझं मी बघेन.

काय म्हणालात? आता बोललात होय, निघता निघता! कुठे पडलीय म्हणजे? फोटोतली सावली? मास्तरांची?

शाळेचं फाटक पूर्वेला आहे. आमचं नका मानू, अहवालाला जोडलेला नकाशा आहे, त्यात फाटक पूर्वेलाच दाखवलंय, खाली साहेबांची सही. मास्तर हातपंपाशेजारी बसलेत, दोन शिपाई बाजूला उभे, आणि तिघांच्याही सावल्या फाटकाकडे पडल्यायत.